अर्ध्यावर थांबलेला धवला

डोंगर, देवळं आणि समुद्रावरचे सूर्यास्त वाचण्याची ज्यांना हौस असेल त्यांनी हे पान खुशाल उलटावं. मी गेलो होतो तो कल्याण, डोंबिवली आणि दिवा एवढ्याच मुलखात, तोही कामासाठी, आणि अंगात उत्साह म्हणावा असा काही नसताना. पुण्याहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला जिथे पोचता येतं त्या ठिकाणाचं प्रवासवर्णन कसलं लिहिता, असं शेजारच्या आप्पांनी विचारलंही. आप्पांनी कल्याण पाहिलं आहे ते गाडीच्या खिडकीतून, हातात चहाचा कप धरून. असे पुष्कळ लोक आहेत, म्हणून लिहितो.

आधी आमच्या मंडळाविषयी सांगायला हवं. पुण्यातल्या एका मुलंबाळं नसलेल्या श्रीमंत बाईंनी जाताना बरीच रक्कम मागे ठेवली. गावोगावच्या लोकांनी आपली जुनी विद्या, जुन्या चालीरीती जपाव्यात आणि चारचौघांना दाखवाव्यात, यासाठी ती वाटायची होती. नवीन स्वराज्य, नवीन उमेद. अर्जांचा पाऊस पडला. मी नुकताच शाळाखात्यातून निवृत्त झालो होतो. यमुना, म्हणजे माझी बायको, जाऊन दोन वर्षं झाली होती. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं, म्हणून अर्जांची पाहणी करण्याचं काम मी पत्करलं. मंडळाचा पाचवा नियम असा की, जी विद्या जपायची ती पाहणी करणाऱ्याने स्वतः पाहावी किंवा ऐकावी, आणि तिचा लेखी नमुना अहवालाला जोडावा. नमुना नाही तर अनुदान नाही. नियम करणारे लोक सहसा घरी बसलेले असतात.

कल्याण

मार्गशीर्षाचे दिवस होते. कल्याणला उतरलो आणि टांग्यात बसलो. टांगेवाल्याने घोड्याला आणि मला सारख्याच मायेने शिव्या घालत गावात नेऊन सोडलं. इथल्या देवळाच्या पंचांचा अर्ज होता: 'प्राचीन वास्तूचे जतन'. वाचून बरं वाटलं होतं.

देऊळ खरंच जुनं निघालं. सभामंडपाची जमीन काळ्या दगडाची, त्यावर कमळं आणि हंस कोरलेले, शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले. मी तिथेच मांडी घालून बसलो. पंचांतले एक वयस्कर गृहस्थ, उपरणं सावरत, म्हणाले, "हेच ते. आता यावर चकचकीत लाद्या बसवायच्या."

"कशावर?"

"यावरच. ह्या दगडात फार कचरा अडकतो हो. लाद्या बसल्या की देऊळ कसं जतन होईल!"

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी मला समजावायचा प्रयत्न केला. तेवढ्यात चहा आला, मग पुन्हा चहा आला. शेवटी त्यांनी मला लाद्यांचे नमुनेच आणून दाखवले, एक निळा, एक तांबडा, आणि यांतला कुठला हंसांवर शोभेल असं विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. रागवायचं तर कोणावर? मी अर्जावर नकार लिहिला आणि तेव्हापासून माझी कंबर जी धरली ती धरलीच.

डोंबिवली

मुक्कामाला डोंबिवलीत मेहुण्याकडे गेलो. यमुनेचा धाकटा भाऊ रघुनाथ मुंबईत कारकुनी करतो आणि स्वस्त भाड्याच्या दोन खोल्यांत इथे राहतो. डोंबिवली म्हणजे तेव्हा स्टेशनाभोवती थोडी घरं आणि त्यापलीकडे भातखाचरं, गवत आणि बेडूक. पण त्या थोड्या घरांत पुणं जसंच्या तसं उतरलेलं: दारात तुळस, आत पंचांग, आणि पाण्यावरून विहिरीशी कडाकडा भांडणं. फरक इतकाच की, पुण्याचा माणूस अनोळखी पाहुण्याकडे दाराच्या फटीतून बघतो आणि इथला 'या, बसा' म्हणतो. बहुधा सगळेच नवे असल्यामुळे असेल.

रघुनाथ संध्याकाळभर बहिणीविषयी बोलत होता. आमच्या घरी लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत. यमुना हे नाव मी दिलेलं. माहेरी ती वेणू. "वेणूताई अशी चिडायची, वेणूताई विहिरीवर अशी पोहायची." छत्तीस वर्षं ज्या बाईशी संसार केला तिच्याविषयी ही माहिती मला नवी होती. ती पोहत असे हे मला ठाऊकच नव्हतं. मी ताकभात खाल्ला आणि लवकर पडलो.

दिव्याच्या पलीकडे

दुसऱ्या दिवशी दिवा. स्टेशनात उतरणारा मी एकटाच होतो. तिथे गोमा पाटील मला न्यायला आले होते. चाळिशीचे, उंच, उन्हाने काळे पडलेले. थोडी शेती आणि बाकी आयुष्य मिठागरात गेलेलं. खाडीकाठच्या त्यांच्या गावाचा अर्ज त्यांच्याच सहीचा होता, वळणदार अक्षरात कुणा मास्तरांकडून लिहून घेतलेला: 'आमच्या आगरी समाजातील धवले नष्ट होत आहेत. ते शिकविण्यासाठी सभागृह बांधून मिळावे.'

"सायब, चालाल ना? जरासा लांब हाय," ते म्हणाले.

त्यांचं 'जरासं' म्हणजे कापलेल्या भाताच्या खुंटांतून अर्धा कोस आणि मग मिठागराच्या बांधावरून तेवढंच. बांध हातभर रुंद, एका बाजूला खाडीचा चिखल, दुसऱ्या बाजूला मिठासाठी आखलेले पाण्याचे चौकोन. उन्हात डोळे उघडवेनात. एका ठिकाणी माझा पाय घसरला, गुडघ्यापर्यंत चिखलात गेला आणि वहाण तिथेच राहिली. गोमा पाटलांनी खांद्यापर्यंत हात घालून चिखल ढवळला, एक खेकडा बाहेर काढला, तो परत टाकला आणि म्हणाले, "आता ती खारीची जाली," म्हणजे खाडीच्या चिखलाची. उरलेली एक वहाण हातात घेऊन मी गावात प्रवेश केला. सरकारी माणूस येणार म्हणून जमलेल्या पोरांना ते फार आवडलं.

जेवायला तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. मी मासे खात नाही म्हणून पाटलीणबाईंनी ते नव्या कोऱ्या मडक्यात, घरापासून लांब, अंगणात वेगळी चूल मांडून शिजवलं होतं. पुण्यात आमच्या दारी कोणी आगरी पाहुणा आला असता तर आम्ही त्याच्यासाठी एवढं केलं असतं का? याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते लिहिण्यासारखं नाही.

जेवताना गोमा पाटलांनी धवल्याची गोष्ट सांगितली. आमच्याकडे लग्न लावतात भटजी. यांच्याकडे लग्न लावते ती बाई. तिला धवलारीण म्हणतात. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणायचं, आणि ती गायल्याशिवाय नवरा-नवरी एकमेकांचे होत नाहीत. पंचक्रोशीत आता एकच धवलारीण उरली होती, त्यांची चुलती चांगुणाबाय. पैसा हातात आलेली घरं हल्ली कल्याणहून भटजी बोलावू लागली होती. गाणारणीला बोलावणं मागासपणाचं वाटायला लागलं होतं.

"बाय गेली की संपला," गोमा पाटील म्हणाले. "म्हनून अर्ज केला. दुसरा काय कराचा ते मना समजंना."

चांगुणाबाय अंगणात जाळं विणत बसली होती. सत्तरीच्या पुढची, नऊवारी गुडघ्यापर्यंत नेसलेली, कपाळ गोंदलेलं, आणि डोळे असे की समोरच्याची हजेरी घ्यावी. मी नमस्कार केला. ती म्हणाली, "बस. तुजा पाय फुटलाय का रं, लंगरतंस कशाला?" ह्या मुलखात 'ड'चा 'र' होतो आणि राजापासून रंकापर्यंत सगळ्यांना 'तू'. शाळाखात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ते पहिल्यांदा टोचतं. मग बरं वाटायला लागतं.

सभागृहाची कल्पना ऐकून ती हसली. "खोली बांधून कय कराल? खोलीत लगीन लागतं? मी शिकले ती सासूच्या मागं हलदीचा ताट घेऊन. बारा वर्सं ताट धरला, तवा तोंड उघरला."

"मग कोणी ताट धरायला का येत नाही?"

"येतील कशा? दिस भर लग्नात आल्या त मिठागराचा रोज बुरतो. खातील कय, गाना?"

हे माझ्या ध्यानात आलं. इतक्या अर्जांत पहिल्यांदाच कोणीतरी काय हवं ते मला सरळ सांगत होतं. सभागृह नको, तीन बायका लग्नांना तिच्यामागून जातील आणि त्यांचा त्या दिवसांचा बुडालेला रोज मंडळ देईल. चांगुणाबायची सून नामी आणि शेजारच्या दोघी तिथल्या तिथे तयार झाल्या. मला इतकं समाधान वाटलं की क्षणभर कंबरही विसरलो. मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणालो, "आता एक धवला म्हणा. मला लिहून घ्यायचा आहे."

"आता? कोनाचा लगीन हाय?"

"लग्न नाही. नमुना म्हणून."

"लगीन नसताना धवला नाय गायाचा."

मी पाचवा नियम समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला आणि विणत राहिली. गोमा पाटलांनी विनवलं, नामीने विनवलं. ओळी नुसत्या सांगा, गाऊ नका, असंही मी म्हटलं. तर ती म्हणाली, सांगितला काय नि गायला काय, देवाला दोन्ही ऐकू येतं. सुगी आटोपून लग्नं सुरू व्हायला अजून महिना होता. मंडळाची बैठक पंधरा दिवसांवर. म्हणजे नमुना नाही, आणि नमुना नाही तर ह्या तीन बायका नाहीत. गोमा पाटलांचा चेहरा मला बघवेना. पुन्हा त्या बांधावरून, एका वहाणेने, रिकाम्या वहीसह परत जायचं होतं.

मी म्हणालो, "लग्न आहे. माझ्याच घरचं आहे."

चांगुणाबायचे हात थांबले. "खरा? नवरीचा नाव कय?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "वेणू." रात्रभर तेच कानात होतं. नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा दुसरं काही सुचेना, म्हणून माझंच सांगितलं, "केशव." तिथे मला सगळे साहेब किंवा मास्तर म्हणत, माझं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. अशा रीतीने मेलेल्या बायकोचं आणि माझं लग्न ठरवून मी पेन सरसावून बसलो. मी खोटं फारसं बोलत नाही. त्यामुळे त्याची सवय नाही आणि अंदाजही नाही.

तिने हातपाय धुतले, पूर्वेला तोंड केलं, डोळे मिटले. आवाज म्हाताऱ्या बाईचा नव्हताच. सावकाश, एकाच उंचीवर चाललेला, कुठेही ताण न देणारा.

पयली हलद कोनाला गो, कोनाला,
पयली हलद धरतरीला गो, धरतरीला,
दुसरी हलद मिठाच्या खारीला,
तिसरी हलद वेनूबायला गो, वेनूबायला.

मग ती एकेका देवाला बोलावत गेली; खाडीच्या, वेशीच्या, डोंगरावरच्या. मग मेलेल्या आजे-पणज्यांना. या, बसा, वेणूबायच्या मांडवात बसा. माझी चार पानं भरली. ती थांबली आणि म्हणाली, "देव आयले, बसले. आता बाकीचा नवरीसमोर. मूर्त काढला की सांगावा धार. मी येन पुन्याला." मी मान हलवली. खरं सांगायचं तर त्या वेळी मी गाडीचा विचार करत होतो.

जाताना पाटलांनी आपल्या वहाणा मला दिल्या. त्या पुढून चार बोटं मोठ्या होत्या.

पुन्हा दिवा

नमुना सगळ्यांना पसंत पडला. एका सभासदांनी तर तो मोठ्याने वाचून दाखवला. अनुदान मंजूर झालं आणि मी आयुष्यात प्रथमच एखादं काम पूर्ण केल्यासारखा झोपलो.

फाल्गुन संपता संपता गोमा पाटलांचं पत्र आलं. ते इथे थोडक्यात देतो. तिन्ही बायांच्या रोजाचे पैसे आगाऊ पोचले, त्याबद्दल आभारी आहोत. पण त्या बसूनच आहेत. साहेबांच्या घरचं लग्न कधी आहे? बाय वाट पाहते आहे. तिने तुमच्या मांडवात देव बोलावले आहेत. ते परत पाठवल्याशिवाय दुसऱ्याच्या मांडवात कसे बोलवायचे, असं म्हणते. लोक आले होते. तीन लग्नं तिने परत पाठवली.

पत्र मी दोनदा वाचलं. गाणं जपायला म्हणून गेलो आणि ज्या एका तोंडात ते उरलं होतं तेच बंद करून आलो! कल्याणच्या पंचांना मी मनातल्या मनात अडाणी म्हटलं होतं. त्यांनी निदान लाद्या अजून बसवल्या नव्हत्या.

पत्राने उत्तर देणं सोपं होतं. दोन दिवस मी त्या मजकुराची जुळवाजुळव केली आणि मग लाज वाटून रात्रीच्या गाडीत बसलो. मंडळाला कळताच त्यांनी ठाण्याचं एक काम माझ्या गळ्यात घातलंच: दिव्याहून परस्पर ठाण्याला जावं, तिथे दोन दिवस राहून एका वाचनालयाचा अर्ज पाहावा. मी हो म्हणालो. मी नेहमीच हो म्हणत आलो आहे.

मिठागरात आता मिठाचे ढीग लागले होते, आणि बांधावर ऊन असं की वाफ निघावी. वाटेत मी विचारलं तेव्हा गोमा पाटील एवढंच म्हणाले की, परत पाठवलेल्या तिन्ही घरांनी कल्याणचा भटजी आणला. "एक माज्या सख्ख्या मावसभावाचा घर. आता पुढच्या पोरीला पन भटच आनतील. एक डाव मोरला का मोरला."

गावात शिरलो तर चांगुणाबायच्या अंगणात आधीच चारपाच माणसं उकिडवी बसली होती. दिव्याची. त्यांच्या मुलीची हळद त्याच दिवशी होती, आणि अजूनही बाय येईल या आशेवर ती माणसं सकाळपासून बसून होती. दुपारपर्यंत नाही आली तर भटजीला निरोप जाणार होता.

मी तिच्यासमोर बसलो आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं. घरी लग्न नाही. तेव्हाही नव्हतं. मी खोटं बोललो.

नामीने पदर तोंडाला लावला. चांगुणाबाय माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला ती मारेल तर बरं, असं वाटलं.

"आमच्या तोंडाला कुलूप घालून गेलास," ती म्हणाली. "चार म्हयने. देव तुज्या दारात उपाशी बसलेत, आनि तू तकरं पुन्यात जेवतंस."

"चुकलो, बाय."

"चुकलास त हायसच. वेनू कोन?"

"माझी बायको. केशव मीच."

"जिती हाय?"

"नाही. दोन वर्षं होऊन गेली."

मग तिने विचारलेला प्रश्न मला अजून ऐकू येतो. "तुमचा लगीन लागला होता ना? खरोखर?"

"लागलं होतं. पुण्यात. भटजींनी लावलं."

"मंग खोटा कुठं हाय त्यात?" ती दिव्याच्या माणसांकडे वळून म्हणाली. "लगीन जालाय. धवला तेवरा मागं रायला. गो नामी, पाट आन. सुपारी आन."

बायको नसलेल्या माणसाला धर्मकार्यात तिच्या जागी सुपारी ठेवायची चाल आमच्याकडेही आहे. भाच्याच्या मुंजीत मीही ती कमरेला लावली होती आणि मुंज संपल्यावर कुठेतरी हरवली होती. इथे त्यांनी दोन पाट मांडले. एकावर मला बसवलं, दुसऱ्यावर तांदूळ पसरून सुपारी ठेवली. तिला हळद लावली, कुंकू लावलं. दिव्याच्या माणसांनीही टोप्या सावरल्या आणि मांडी घालून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याची खूणही नव्हती. ते लग्नालाच बसले होते.

चांगुणाबाय गाऊ लागली. तिच्यामागे नामी ताट घेऊन उभी राहिली आणि तिच्या दोन्ही बाजूंना त्या दोघी. मंडळाचे पैसे येऊनही इतके दिवस गप्प बसलेल्या त्या बायका त्या दिवशी प्रथम गायल्या. चांगुणाबाय ओळ म्हणायची आणि नवरीच्या वतीने त्या उत्तर द्यायच्या. सुरुवातीला चाचरत, मग जरा धीट.

उंबऱ्याशी आयली वेनूबाय,
येते गो आये, येते.
विहिरीला पुसते वेनूबाय,
येते गो बाय, येते.

मी वही आणली नव्हती. आणली असती तरी काय लिहिलं असतं! विहीर तिच्या गाण्यात पूर्वीपासूनच असणार, प्रत्येक नवरीला ती असतेच. पण मला पोहणारी मुलगी दिसली. मी पाहिलेली नव्हती, तरी दिसली.

मग एकेक देव, एकेक आजा-पणजा आपापल्या जागी परत गेला. शेवटी गाणं नवऱ्याकडे वळलं. आता तीन गोष्टी विचारतील आणि प्रत्येकीला मोठ्याने 'हो' म्हणायचं, असं गोमा पाटलांनी मला हळूच सांगितलं. तीन हो झाले की धवला मिटला.

वाटंनं भुकंली त देशील का रं, केसव नवऱ्या?

"हो," मी म्हणालो.

वाटंनं ररली त पुसशील का रं, केसव नवऱ्या?

"हो."

वाटंनं दमली त थांबशील का रं, केसव नवऱ्या?

मी सुपारीकडे पाहिलं. पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. रघुनाथ जाणतो, पण त्याने ते कधी काढलं नाही. त्या आठवड्यात यमुना अंथरुणावर होती. मला खानदेशात शाळा तपासायला जायचं होतं. निघताना ती म्हणाली होती, "आज राहता का?" मी म्हणालो होतो, परवा येतोच की. परवा आलो तेव्हा दारात माणसं जमलेली होती.

बायका थांबल्या होत्या. दिव्याची माणसं थांबली होती. उत्तर आल्याशिवाय गाणं पुढे जात नाही आणि मागेही जात नाही. मी चांगुणाबायला म्हणालो, "हे मला म्हणता येणार नाही. मी थांबलो नव्हतो."

तिने गाणं सोडलं नव्हतं. हात तसाच सुपारीवर धरलेला होता. नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तवाचा कोन पुसतंय? आता पुसतंय. थांबशील का रं?"

"हो," मी म्हणालो. ते अंगणाच्या पलीकडे गेलं नसेल, पण तिला पुरलं.

तिने माझ्यावर आणि सुपारीवर तांदूळ टाकले आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. लगेच दिव्याची माणसं उभी राहिली. कोणी तिची पिशवी घेतली, कोणी काठी दिली. नामीने ताट उचललं, त्या दोघी तिच्यामागे लागल्या, आणि तो सगळा घोळका बांधाच्या दिशेने निघाला. चांगुणाबायने मागे वळून पाहिलं नाही. तिला हळदीला उशीर होत होता.

मी पाटावर बसून होतो. गोमा पाटलांनी सुपारी उचलून माझ्या तळहातावर ठेवली.

"ही हितं नाय ठेवाची, सायब," ते म्हणाले. "तुमची हाय. घरी न्याची."

स्टेशनावर पोचलो तेव्हा ठाण्याची गाडी उभी होती. मी ती जाऊ दिली. समोरच्या फलाटावर जाऊन कल्याणची गाडी पकडली, आणि रात्र व्हायच्या आत वेणूला घेऊन घरी आलो.